वाफ्याला पोलादी कड: आखणीपासून माती चेपण्यापर्यंत

वाफ्याच्या कडेला पोलादी पट्टी बसवली की तिचा जेमतेम २ सेंटिमीटर भाग वर दिसतो, बाकी सगळी मातीखाली जाते. पण त्या २ सेंटिमीटरची रेघ सरळ राहणार की वर्षभरात वेडीवाकडी होणार, हे मातीखाली काय केलंय त्यावर ठरतं. पट्टी पातळ आणि लवचीक असते, स्वतःच्या ताकदीवर उभी राहत नाही. तिला चराची भिंत धरते, खुंट्या धरतात आणि दोन्ही बाजूंनी चेपलेली माती धरते. म्हणून या कामातला बराचसा वेळ खणण्यात आणि चेपण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

कड काय करते आणि काय करत नाही, हे आधी स्पष्ट असावं. हिरवळ आणि वाफा यांची सीमा ती चोख सांभाळते. वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा खडी बाहेर सांडू देत नाही. हरळीला मात्र ती अर्धवटच अडवते. हरळीच्या जमिनीतल्या काशा पट्टीला धडकून थांबतात किंवा वळतात, पण वरून पसरणारे धुमारे पट्टी ओलांडून पलीकडे मूळ धरतात. ते कात्रीनेच छाटावे लागतात. आणि ही कड म्हणजे बांध नव्हे. दोन्ही बाजूंच्या जमिनीत १० ते १५ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल, तर ओल्या मातीचा दाब पट्टीला बाहेर ढकलतो. तिथे दगडाचा किंवा विटांचा बांधच घालायला हवा.

कोणती पट्टी घ्यायची

साधं माइल्ड स्टील, गॅल्वनाइज्ड, कॉर्टेन आणि पावडर कोटिंग केलेली पट्टी, हे नेहमीचे पर्याय. साध्या स्टीलला गंज चढतो आणि तो थांबत नाही. ५ मिमी जाड पट्टी असेल तर तो खात खात आत जायला बरीच वर्षं लागतात, १.६ मिमीची पट्टी ओल्या जमिनीत त्या मानाने फार लवकर झिजते. गॅल्वनाइज्ड पट्टीवर जस्ताचा थर असतो. जस्त आधी गंजतं आणि आतलं पोलाद वाचवतं, त्यामुळे बारीकसा ओरखडा पडला तरी लगेच बिघडत नाही. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने गॅल्वनाइज्ड घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पावडर कोटिंग दिसायला छान, पण ठोकताना एक टवका उडाला की तिथून पाणी रंगाखाली शिरतं आणि रंग फुगत जातो.

कॉर्टेनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याच्या तांबूस रंगाला भुलून बरेच जण ते घेतात. या पोलादात तांबं, क्रोमियम, निकेल यांचं थोडं प्रमाण असतं. त्यामुळे वर येणारा गंजाचा थर घट्ट चिकटून बसतो आणि पुढचा गंज मंदावतो. पण तो थर तयार व्हायला पट्टी आलटून पालटून भिजावी आणि वाळावी लागते. सतत ओल्या मातीत दबलेल्या भागाला ही संधी मिळत नाही. तिथे कॉर्टेन जवळपास साध्या पोलादासारखंच गंजतं. समुद्राच्या खाऱ्या हवेतही हा थर नीट धरत नाही. म्हणून कॉर्टेन घ्यायचं तर निदान ३ मिमी जाडीचं घ्या, आणि पाणी साचणाऱ्या जागी लावू नका. पहिले काही महिने त्यावरून गंजाचं पाणी ओघळतं. शेजारी फिकट फरशी किंवा काँक्रीट असेल तर त्यावर पडलेले तपकिरी डाग सहज निघत नाहीत. पट्टी आणि फरशी यांच्यामध्ये १० सेंमी खडीचा पट्टा ठेवला की ओघळ तिथेच जिरतो.

जाडीचा हिशेब वळणावर अवलंबून आहे. १.६ ते २ मिमीची पट्टी हाताने सहज वळते, म्हणून नागमोडी वाफ्याला ती सोयीची. पण लांब सरळ रेषेत तीच पट्टी लाटांसारखी दिसू लागते. सरळ कडेला आणि मोठ्या गोलाईला ३ मिमी उत्तम. खडीच्या वाटेला, जिथे बाजूने यंत्राने दाबणी होणार आहे, तिथे ५ मिमी.

उंचीचा नियम सोपा आहे: किमान दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. सपाट आणि घट्ट जमिनीवर १०० मिमी पुरते. बहुतेक बागांना १५० मिमी योग्य. माती भुसभुशीत असेल किंवा शेजारी काशा सोडणारं गवत असेल तर २०० मिमी घ्या.

किती माल लागेल

समजा वाफा ६ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. परिमिती १६ मीटर. पट्टी २.४ मीटरची मिळत असेल तर १६ ला २.४ ने भागून ६.६७, म्हणजे ७ पट्ट्या. कागदावर हे बरोबर आहे, प्रत्यक्षात नाही. ७ पट्ट्यांची लांबी १६.८ मीटर. एकावर एक १० सेंमी चढवून जोडायच्या असतील तर ७ सांध्यांत ७० सेंमी गेले. उरले १० सेंमी, आणि एक काप चुकला की तेही संपले. इथे ८ पट्ट्या घ्यायच्या. गोल वाफ्यासाठी व्यासाला ३.१४ ने गुणा: २ मीटर व्यासाच्या वाफ्याची कड ६.२८ मीटर. नागमोडी कडेवर टेप धरून मोजू नका. आखलेल्या रेघेवर दोरी अंथरा आणि मग ती दोरी मोजा. आलेल्या मापात १० टक्के मिळवा.

खुंट्या दर ७५ सेंमीवर धरल्या तर १६ मीटरला २२. त्याशिवाय प्रत्येक सांध्यापाशी एक जादा, म्हणजे आणखी ७. दगडावर आदळून एखादी वाकतेच, म्हणून ३० ते ३२ हाताशी असाव्यात. घट्ट मातीत ३० सेंमी लांबीची खुंटी धरते, वाळूसर मातीत ४५ सेंमी लागते. हिवाळ्यात जमीन गोठत असेल तिथेही लांब खुंटीच हवी, कारण गोठलेली माती फुगते आणि पट्टीला वर उचलते. काही पट्ट्यांना खुंटीसाठी खाचा पाडलेल्या असतात. नसतील तर १० किंवा १२ मिमीची सळई किंवा २५ मिमीचा अँगल तुकडे करून वापरता येतो.

वजनाचा अंदाज असू द्या. १५० मिमी उंच, २ मिमी जाड, २.४ मीटर लांब पट्टी साधारण साडेपाच किलोची भरते. ३ मिमीची असेल तर साडेआठ किलो. वजनापेक्षा तिची लांबी त्रास देते: एकट्याने मधोमध उचलली की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि कायमचा बाक बसू शकतो. दोघांनी दोन टोकं धरून, पट्टी उभ्या कडेवर ठेवून न्यावी.

हाताशी काय हवं

सुतळी, लाकडी खुंट्या, आखणीसाठी फक्की, टेप, लेव्हल, सपाट पात्याचं फावडं, कुदळ, लहान पहार, दोन किलोचा हातोडा, रबरी हातोडा, हातभर लांबीचा लाकडी ठोकळा, दोन सी-क्लॅम्प, ड्रिल, कानस आणि माती चेपायला चोपणं. पट्टी कापायला लहान ग्राइंडर आणि १ मिमी जाडीची धातू कापायची डिस्क. कापल्या जागेवर मारायला जस्ताचा स्प्रे. जाड हातमोजे, गॉगल आणि कानाला संरक्षण यांशिवाय ग्राइंडर सुरूच करायचा नाही. पायात बंद बूट हवेत. उभ्या कडेवर पडणारी पट्टी कोयत्यासारखी लागते.

आखणी

खणण्याआधी एक काम: जमिनीखाली काय आहे ते शोधा. ठिबकची नळी, पाण्याचा पाइप, बागेतल्या दिव्यांची वायर. ४५ सेंमीची खुंटी यांतल्या कशातूनही आरपार जाते. वायर कुठून गेली आहे हे खात्रीने कळत नसेल तर त्या पट्ट्यात खुंट्या ठोकण्याआधी हाताने जपून खणून बघा.

सरळ कडेसाठी दोन टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणून बांधा. सुतळी पट्टीच्या वरच्या कडेच्या नेमक्या उंचीवर असावी, म्हणजे तीच पुढे उंचीचं मापही होते. काटकोन तपासायला कोपऱ्यापासून एका सुतळीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर भरलं पाहिजे. वाफा आयताकृती असेल तर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे.

वळणासाठी पाण्याचा रबरी पाइप जमिनीवर टाकून आकार ठरवतात. तो आधी उन्हात तासभर पसरून मऊ होऊ द्या, थंड पाइप स्वतःचेच बाक दाखवतो. आकार ठरला की उभं राहून, आणि शक्य असेल तर गच्चीवरून किंवा खिडकीतून बघा. जवळून सुंदर वाटणाऱ्या लहान लहान लाटा लांबून थरथरल्यासारख्या दिसतात. दोन मोठी, निवांत वळणं सहा लहान वळणांपेक्षा चांगली दिसतात, आणि पट्टीलाही तीच झेपतात. लॉन कापायचं यंत्र आतल्या वळणात फिरणार नसेल तर तिथलं गवत कायम हाताने कापावं लागेल, याचाही आताच विचार करा. मग फक्की टाका आणि पाइप उचला.

पट्टी किती वर ठेवायची, हेही आताच ठरवायचं. वाफा आणि हिरवळ यांच्यामध्ये १५ ते २५ मिमी पुरते. कापणी यंत्राचं पातं जमिनीपासून किती उंचावर फिरतं ते मोजा. पट्टीची कड त्याच्या किमान १ सेंमी खाली हवी. पातं पोलादाला लागलं तर धार जाते आणि तुकडा उडून कुणाला लागू शकतो. खडीच्या वाटेला कड खडीच्या वर २० मिमी ठेवली की चालताना खडी उडून वाफ्यात जात नाही.

चर

चराची खोली म्हणजे पट्टीची उंची वजा वर ठेवायचा भाग. १५० मिमीची पट्टी २० मिमी वर ठेवायची असेल तर १३० मिमी खणा. रुंदी साधारण १० सेंमी. त्याहून रुंद खणला की तितकी माती परत चेपावी लागते, आणि हाताने चेपलेली माती मूळ जमिनीइतकी घट्ट कधीच होत नाही.

म्हणूनच चराचा आकार महत्त्वाचा. हिरवळीकडची बाजू कापल्यासारखी उभी ठेवा, वाफ्याकडची बाजू तिरकी चालेल. पट्टी उभ्या भिंतीला टेकते, म्हणजे निदान एका बाजूने तिला न हललेली जमीन मिळते. फावडं हिरवळीकडे पाठ करून, पातं अगदी उभं धरून फक्कीच्या रेघेवर दाबा. आधी सगळ्या रेघेवर असा उभा काप देऊन घ्या आणि मगच वाफ्याच्या बाजूने माती उचला. एका दमात खोल खणत गेलात तर हिरवळीची कड ढासळते. निघालेली माती वाफ्याच्या बाजूला टाका. गवतावर टाकलेली माती पूर्ण कधीच निघत नाही.

जमीन टणक असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी रेघेवर पाणी सोडा. खणायच्या वेळी माती ओलसर हवी, चिखल नको. हातात घेऊन मूठ वळली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने दाबला की फुटावा, इतकी ओल बरोबर.

चराचा तळ सपाट झाला की पट्टी रिकामीच उभी ठेवून बघा. एखादा दगड तिला उचलून धरत असेल तर तो दगड काढा, पट्टी ठोकून त्याच्यात बसवू नका. तळाला थोडी खोली जास्त झाली असेल तर माती टाकून नुसती पसरू नका, चेपून घ्या.

झाडाचं मूळ आडवं आलं आणि ते अंगठ्याएवढं बारीक असेल तर धारदार हत्याराने स्वच्छ कापा. ३ सेंमीपेक्षा जाड मूळ कापू नका. पट्टीला खालून उलट्या यू आकाराची खाच द्या आणि मुळाच्या दोन्ही बाजूंना २ सेंमी मोकळी जागा ठेवा, कारण मूळ पुढे जाड होणारच आहे. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ पट्टी नेण्यापेक्षा रेघच लांबून वळवा. आणि कड झाली म्हणून बुंध्याला माती चढवू नका, साल कुजते.

कापणं आणि वाकवणं

कापायची खूण गुण्या लावून काढा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावून क्लॅम्पने घट्ट धरा; मोकळी पट्टी थरथरते आणि डिस्क अडकून फुटते. ग्राइंडरचं झाकण काढून ठेवायचं नाही. ठिणग्या वाळल्या गवतावर आणि फरशीवर जाऊ देऊ नका. गवत पेटू शकतं, आणि फरशीवर पडलेले पोलादाचे कण पहिल्याच पाण्यात गंजून ठिपके सोडतात.

कापल्यावर कडेला लोखंडाची बारीक कुसळं राहतात. ती कानशीने घासा, वरचे दोन्ही कोपरे थोडे गोल करा. वर दिसणारी कड बोट फिरवून नाही, कापडाचा बोळा फिरवून तपासा. धागा अडकला तिथे अजून घासायला हवं. गॅल्वनाइज्ड असेल तर उघड्या पडलेल्या पोलादावर जस्ताचा स्प्रे मारा. गॅल्वनाइज्ड पट्टी वेल्डिंगने जोडायचा मोह टाळा: जळणाऱ्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

आता वळण. एक ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे: माइल्ड स्टीलची पट्टी तिच्या जाडीच्या सुमारे ४०० पट त्रिज्येपर्यंत नुसती झुकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. म्हणजे १.६ मिमीची पट्टी साधारण ६५ सेंमी त्रिज्येपर्यंत, ३ मिमीची सव्वा मीटरपर्यंत, ५ मिमीची २ मीटरपर्यंत. वळण याहून मोठं असेल तर वेगळं वाकवायची गरज नाही, खुंट्याच तिला आकारात धरतील. मात्र ती सतत सरळ व्हायला धडपडत राहते, म्हणून वळणावर खुंट्या ४० ते ५० सेंमीवर हव्यात. वळण याहून घट्ट असेल तर पट्टीला आधीच कायमचा बाक द्यावा लागतो.

तो असा: ४० सेंमी अंतरावर दोन लाकडी ठोकळे ठेवा, त्यांवर पट्टी आडवी टाका आणि मधोमध गुडघ्याने हलकेच दाबा. ५ ते १० सेंमी पुढे सरकवा, पुन्हा दाबा. एका फेरीत पूर्ण बाक आणायचा नाही. दोन तीन फेऱ्यांत तो हळूहळू वाढवायचा. दाब सोडला की पट्टी थोडी मागे येते, म्हणून हव्या त्यापेक्षा किंचित जास्त वाकवा. एकाच जागी जोर दिला तर तिथे घडी पडते, आणि पडलेली घडी कितीही ठोकली तरी पूर्ण जात नाही. ५ मिमीच्या पट्टीला रोलरवरच वळण द्यावं लागतं. ते फॅब्रिकेटरकडून करून घ्या आणि त्याला त्रिज्या लिहून द्या.

कोपऱ्यासाठी २ मिमीपर्यंतची पट्टी दोन जाड लाकडांत क्लॅम्पने दाबून, ठोकळा ठेवून ठोकली की स्वच्छ घडी बसते. ३ मिमीला आतल्या बाजूने निम्म्या जाडीचा उभा काप द्या आणि एकदाच दुमडा. कोन चुकला म्हणून मागेपुढे करत राहिलात तर पट्टी तिथेच तुटते. सांधा कोपऱ्यावर येऊ देऊ नका. कोपऱ्याची घडी पट्टीच्या पोटात यावी, सांधा त्या घडीपासून निदान ३० सेंमी दूर.

उभी करणं आणि ठोकणं

सुरुवात सगळ्यात ठळक दिसणाऱ्या कडेपासून करा, म्हणजे कापलेला, जोडलेला तुकडा मागच्या बाजूला जाईल. पट्टी चराच्या उभ्या भिंतीला टेकवा. खुंट्या वाफ्याच्या बाजूने येतात. आधी प्रत्येक पट्टीला दोन टोकांजवळ एकेक खुंटी अर्धवट ठोका, बस. सगळ्या पट्ट्या अशा सैल उभ्या राहिल्या, एकमेकींशी जुळल्या आणि रेघ डोळ्याला पटली, की मग उरलेल्या खुंट्या. पहिलीच पट्टी पक्की ठोकून टाकली की तिची चूक पुढे शेवटच्या पट्टीपर्यंत वाढत जाते.

खुंटीचा माथा पट्टीच्या कडेखाली २ ते ३ सेंमी बसला पाहिजे, म्हणजे आच्छादनात झाकला जातो. पट्टीच्या कडेवर थेट हातोडा कधीच मारू नका, लाकडी ठोकळा मध्ये हवाच. हातोड्याचा एक घाव बसला की पातळ पट्टीच्या कडेला दात पडल्यासारखा डाग उठतो आणि तो नेमका वर दिसणाऱ्या २ सेंमीत असतो. खुंटी तिरकी जात असेल तर खाली दगड आहे. जोर करू नका, ती काढून १० सेंमी बाजूला ठोका किंवा पहारीने आधी भोक पाडून घ्या. तिरकी खुंटी पट्टीला आपल्यामागे ओढते.

सांध्यावर मागून १० सेंमीची जोडपट्टी लावून बोल्ट घालणं हा सगळ्यात नीटस प्रकार, समोरून फक्त एक उभी रेघ दिसते. बोल्ट आवळताना दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा लाकूड ठेवून क्लॅम्पमध्ये धरा, नाहीतर आवळताना एक बाजू २ मिमी वर सरकते आणि पायाला लागते. सांध्यात २ मिमी फट ठेवा आणि जोडपट्टीच्या एका बाजूची भोकं लांबट करा. पोलाद तापलं की वाढतं: ३ मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने साधारण १ मिमी. हा १ मिमी किरकोळ वाटतो, पण भूमिती वेगळं सांगते. दोन्ही टोकं जखडलेल्या ३ मीटरच्या पट्टीत १ मिमी जास्त लांबी कोंबली, तर मधोमध ती ३ सेंमीहून जास्त बाहेर येऊ शकते. म्हणूनच शेवटचा तुकडा किंचित मोठा कापला गेला तर तो ठोकून बसवायचा नाही. बाहेर काढा, २ मिमी घासा, मग बसवा. सरळ रेषेत आलेल्या बहुतेक लाटांचं मूळ इथे असतं, आणि दोष मात्र खुंट्यांना दिला जातो. भिंतीला किंवा पायरीला टेकणाऱ्या टोकालाही ५ मिमी जागा सोडा.

उतारावर

पट्टी आडवी सहज वळते, पण तिच्या उंचीच्या दिशेने ती अजिबात वाकत नाही. त्यामुळे एकसारख्या उतारावर अडचण नसते, ती उतारासोबत तिरकी जाते. अडचण येते जमिनीचा चढ बदलतो तिथे. जमीन मधेच उंचावत असेल, तर पट्टीची खालची बाजू आखडायला जागा हवी: खालून व्ही आकाराची खाच द्या, उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत. जमीन मधेच खोलगट असेल, तर खालची बाजू उघडायला हवी: तिथे खालून नुसता सरळ उभा काप पुरतो, तो आपोआप फाकतो. खाचेच्या टोकाला आधी ५ मिमीचं भोक पाडून घ्या, म्हणजे काप वर चिरत जात नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी लावा. उतार फार तीव्र असेल तर पायऱ्या पायऱ्यांनी पट्ट्या बसवणं बरं. प्रत्येक पट्टी आडवी सपाट, आणि पुढची पट्टी एक टप्पा खाली.

उताराला आडवी जाणारी कड पाणी अडवते. वरच्या अंगाला पाणी साचून राहिलं तर माती सैल होते आणि पट्टी खालच्या बाजूला कलते. जिथे पाणी साचेल असं दिसतं तिथे जमिनीच्या पातळीला १० ते १२ मिमीची भोकं दर मीटरला पाडा आणि त्यामागे मूठभर खडी टाका. कंपाऊंडला पाणी बाहेर काढणारी वाट असेल तर तिच्यासमोर पट्टी सलग नेऊ नका, १० सेंमीची मोकळीक ठेवा.

माती भरणं

माती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चढवायची. एक बाजू पूर्ण भरून चेपली आणि मग दुसरीकडे वळलात, तर पहिल्या बाजूने पट्टीला आधीच ढकललेलं असतं. ५ सेंमीचा थर या बाजूला, ५ सेंमी त्या बाजूला, चोपण्याने चेपा, मग पुढचा थर. प्रत्येक थरानंतर पट्टीच्या टोकाशी खाली बसून एक डोळा मिटून रेघेकडे बघा. बाक दिसला तर आताच सरळ करा. शेवटचा थर चेपल्यावर तो सरळ होत नाही. भरतीच्या मातीतले दगड आणि गवताच्या काशा वेचून टाका. एक काशी जरी पट्टीच्या आत राहिली तरी पुढे वाफ्यात हरळीच हरळी.

हिरवळीकडची माती गवताच्या मुळांच्या पातळीपर्यंत भरा आणि फट राहिली असेल तर बारीक मातीने बंद करा. वाफ्याकडे माती पट्टीच्या कडेखाली ४ ते ५ सेंमी ठेवा, कारण आच्छादनाला तेवढी जागा लागते. काठोकाठ भरलेल्या वाफ्यातला भुसा पहिल्याच जोराच्या पावसात लॉनवर येतो.

मग बारीक धारेने भरपूर पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी माती जागोजागी खचलेली दिसेल. त्या खड्ड्यांत माती टाकून पुन्हा चेपा, आणि दोन तीन पाण्यांपर्यंत हे करत राहा. माती बसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, कडेवरून हातगाडी नेऊ नका आणि कडेवर पाय देऊ नका.

नंतरची देखभाल

पहिल्या मोठ्या पावसानंतर कडेने एक फेरी मारा. एखादी खुंटी वर आली असेल तर ती पुन्हा ठोकून तिच्याभोवतीची माती चेपा. नुसती ठोकली तर त्याच सैल भोकातून ती परत वर येते. एखाद्या जागी पट्टी बाहेर कलली असेल तर तिला ओढून सरळ करू नका. मागची माती १० सेंमी खणून मोकळी करा, पट्टी सुतळीला लावा, दोन कलत्या खुंट्यांच्या मध्ये एक जादा खुंटी द्या आणि थराथराने भरा. रंगाचा टवका उडाला असेल तर तिथला गंज घासून लगेच प्राइमर आणि रंग लावा. दर वर्षी एकदा वाफ्यातलं आच्छादन कडेपासून मागे ओढा आणि सांध्यांचे बोल्ट बघा. हरळी असलेल्या बागेत मात्र वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन कडेने फिरावं लागतं. ओलांडलेला धुमारा मुळावर येण्याआधी तोडला तर एका कापात काम होतं, मुळावर आला की कुदळ काढावी लागते.